सव्वीस एप्रिलची पाळी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, दैनिकात जन्मभर 'दिनविशेष' लिहून निवृत्त झालेली बाई, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस न घालता हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर नाही, असे धाकट्या मुलाचे मत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

एक. बँकेतली ठेव मुलीला. तिने ती नवऱ्याच्या हाती देऊ नये. जावई गुणी आहे, पण हात सैल आहे.

दोन. संदर्भग्रंथ दैनिकाला. संपादकांना नव्हे. जागा कमी पडली की त्यांनी दर वेळी माझीच ओळ कापली, सिनेमाची जाहिरात कधी नाही.

तीन. माझ्या अंत्ययात्रेत धाकटा कामाला आहे त्या कारखान्याच्या मॅनेजरने पाऊल ठेवू नये. उद्याच्याच तारखेला त्याच्या बॉयलरची वाफ अंगावर येऊन माझे यजमान गेले. तेव्हाही 'आजच्या दिवस चालवून घ्या' असाच हुकूम होता.

चार. राहते घर धाकट्याला, एका अटीवर. उद्या त्याने कामावर जाऊ नये. तोच बॉयलर उद्या पुन्हा पेटवणार आहेत आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतो, हे त्यानेच जेवताना सांगितले. मी त्याला सव्वीस एप्रिल वाचून दाखवला. १९३७, स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्बवर्षाव, तोही बाजाराच्या दिवशी. १९४२, चीनमधल्या बेन्शीहूच्या कोळसाखाणीत स्फोट. आग विझावी म्हणून माणसे आत असताना हवा बंद केली. १९८६, चेर्नोबिल, चाचणीसाठी सुरक्षायंत्रणा बंद ठेवल्या होत्या.

"आई, कुठलीही तारीख काढ, असंच काहीतरी निघेल," तो म्हणाला.

खरे आहे. वर्षाचे सगळे दिवस मीच भरत आले. मला भीती व्हॉल्व्हची वाटते. तारीख पुढे केली, कारण व्हॉल्व्हचे नाव काढले की तो उठून जातो.

हे कलम त्याला वाचायला दिले. वाचून त्याने कागद परत दिला.

"मी नाही गेलो तर शेजारच्या काकूंच्या मुलाला उभं करतील," तो म्हणाला. "त्याला अजून वाफेच्या दाबाचा काटा नीट वाचता येत नाही, आई."

मला माझा मुलगा घरात हवा आहे. पण तो जाणारच. अट खोडली. घर धाकट्या सुनेला.

सही: दिनविशेषवाल्या बाई
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: २५ एप्रिल, संध्याकाळ

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचा शिंपी
२. शेजारच्या काकू (साक्षीदाराने मजकूर वाचावा असा नियम नाही. त्यांनी वाचला नाही.)