दुसऱ्या अंकाचं शेवटचं वाक्य

२ मार्च, सकाळी ७
संकल्प: आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाला माझंच नाटक. तेच, ज्यात दुसऱ्या अंकाच्या शेवटी सगळं थिएटर रडतं. हिला जाऊन तीन महिने झाले. कामात राहिलं की माणूस सावरतो. मी तर सावरलेलोच आहे.
प्रॉम्प्टर ठेवायचा नाही. पंचवीस वर्षं ही विंगेत बसायची, म्हणून नट लाडावले. आता पाठांतर करतील झक मारत.

५ मार्च
पहिली तालीम. बापाचं काम नेहमीप्रमाणे माझे शर्ट शिवणारा शिंपीच करतोय, मुलीचं दवाखान्यातली नर्स. दुसऱ्या अंकात मुलगी घर सोडून जाते, बाप दार लावतो आणि बोलतो. शिंप्याने दार लावलं आणि गप्प! विंगेकडे बघत राहिला. मी ओरडलो, अरे, अडीच पानांचं स्वगत आहे, माझ्या लेखनाचा कळस, आणि तू खांबासारखा उभा? तर म्हणतो, सर, ते मी कधी म्हटलेलंच नाही.
काहीतरीच.

६ मार्च
नर्सला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, वहिनी विंगेतून एकच वाक्य द्यायच्या, दर प्रयोगाला वेगळं. शिंपीकाका तेवढंच म्हणायचे. मग लोक रडायचे.
मला कसं कळलं नाही? दुसऱ्या अंकात माझ्या छातीत धडधडतं, म्हणून मी बाहेर पायऱ्यांवर बसतो. लेखकाने स्वतःचे शब्द ऐकत बसू नये, अशी माझी भूमिका आहे. आतून हुंदके ऐकू यायचे, तेवढं पुरे. घरी जाताना हिला विचारायचो, कसं झालं स्वगत? ही म्हणायची, छान झालं.

९ मार्च
सक्त ऑर्डर: स्वगत शब्दन् शब्द पाठ. शिंप्याने केलं बिचाऱ्याने. सव्वासहा मिनिटं. नर्सला डुलकी लागली. नाइट ड्यूटी होती तिची, त्यामुळे.

१२ मार्च
ठीक. एकच वाक्य तर एकच. माझ्यासारख्याला हातचा मळ.

१५ मार्च
एकोणीस वाक्यं लिहिली. शिंपी प्रत्येकाला छान आहे सर म्हणतो. काखेत घट्ट झालेल्या शर्टालाही तो असंच म्हणतो.

१६ मार्च
हिची वाक्यं आठवा म्हटलं. शिंप्याला दोन आठवली. ‘निघताना पाणी तरी प्यायली का?’ आणि ‘छत्री राहिली तिची.’ यात साहित्य कुठे आहे? तरी छत्रीचं म्हणून बघायला लावलं. नुसतं छत्रीबद्दलचं वाक्य झालं. शिंपी म्हणाला, त्या हळूच द्यायच्या ना सर, तेव्हा यायचं.
आमची मुलगी नोकरीसाठी गेली तेव्हा छत्री खरंच राहिली होती. ही दार लावून हेच म्हणाली होती. मी तेव्हा तिसरा अंक लिहीत होतो. हूं केलं बहुतेक.

१७ मार्च
मुलीचा फोन. बाबा, नीट जेवता ना? म्हटलं, मला वेळ नाही, प्रयोग तोंडावर आलाय.

२० मार्च
तोडगा सापडला! विंगेत मी स्वतः बसणार. ऐनवेळी सुचतं. हिला सुचायचं, मी तर लेखक आहे.

२२ मार्च, सकाळ
काल प्रयोग झाला. हॉल खचाखच. मी विंगेत हिच्या जागी बसलो. तिथून नाटक दिसत नाही. नटांच्या पाठी दिसतात, शर्टाला ओला घाम दिसतो. पंचवीस वर्षं हिने माझं नाटक हे असं बघितलं. एकदा पुढे बस, असं मी कधी म्हटलं नाही.
नर्स गेली. शिंप्याने दार लावलं. माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, काही येईना. सगळं थिएटर वाट बघत होतं. लिहायला लाज वाटते, पण मीही मागे वळून बघितलं. ही काहीतरी सांगेल म्हणून.
मागे भिंत होती. मी पडदा पाडायला सांगितला. लोक मध्यंतर समजून चहाला गेले. मी तिथेच बसून रडलो. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.