जावयाला रिकामे ताट घेऊन रांगेत उभे केल्याबाबत

प्रति,
मा. महाव्यवस्थापक (प्रवासी सेवा व भोजन),
भागीरथी जलविहार कंपनी,
कोलकाता.

विषय: 'मयूरपंखी' बोटीवरील जमाई षष्ठी विशेष सहलीत झालेल्या भोजनविषयक हेळसांडीची तक्रार, तसेच माझ्या पत्नीवर घातलेली बोटबंदी उठवण्याची विनंती.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे दि. २० जूनचे पत्र, बाब 'भोजनगृहात अनधिकृत वाढप'.

महोदय,

मी, खाली सही करणार पशुपती लाहा, राहणार बहूबाजार, निवृत्त मुख्य लिपिक. उभी नोकरी मी दुसऱ्यांचे अर्ज फेटाळण्यात काढली असल्याने अर्ज कसा नसावा, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही हा अर्ज लांबणार आहे. आपण दिल्लीकडून नुकतेच बदलून आला आहात असे कळते. त्यामुळे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेल्या काही गोष्टी आपणांस लिहून कळवणे भाग आहे. त्याबद्दल राग नसावा.

१. ज्येष्ठातली षष्ठी हा आमच्याकडे जावयाचा दिवस. त्या दिवशी सासू उपास करते, जावयाच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधते, ओल्या ताडपंख्याने त्याला वारा घालते आणि समोर बसून स्वतःच्या हाताने वाढते. तो 'नको' म्हणेपर्यंत वाढते आणि 'नको' म्हणाल्यावर जास्त वाढते. जावयाला त्या दिवशी एकच काम असते, ते म्हणजे बसणे.

२. जामाता दशमो ग्रहः, असे शास्त्रच सांगते. आमचा हा दहावा ग्रह, श्री. दीपांजन गुहठाकुरता, तीन वर्षे वक्री होता. आम्ही लाहा मंडळी मूळची इकडचीच. डाळीत चिमूटभर साखर घातली नाही तर ती डाळ आजाऱ्याला द्यायची, अशी आमची समजूत. गुहठाकुरता घराणे पूर्व बंगालातल्या बोरिशालचे. त्यांच्या मते साखर चहात घालायची, मिरची सगळ्यात घालायची आणि इलिश मासा नसेल तर सण झाला असे मानायचेच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या षष्ठीला आम्ही नारळाच्या दुधातली कोळंबी केली. जावयाने डाळीचा पहिला घास घेतला आणि विचारले, "मा, ही डाळ आहे की खीर?" तो विनोद होता, असे माझ्या मुलीचे म्हणणे आहे. मी म्हणालो, "तिखट खाऊन जिभा जळालेल्यांना डाळ काय कळणार?" हाही विनोदच होता, असे माझे म्हणणे आहे. जावई भरल्या ताटावरून उठला आणि त्यानंतर त्याने आमचा उंबरठा ओलांडला नाही. मुलगी बुलटी एकटी यायची आणि आल्यापासून घड्याळ बघायची. पत्नी दर षष्ठीला उपास करायची आणि संध्याकाळी तो हळदीचा दोरा तुळशीला बांधायची. मी वर्तमानपत्र वाचत असल्याचे दाखवायचो. महोदय, मला फार वाईट वाटायचे. हे मी घरात कधी बोललो नाही. आपण परके आहात म्हणून लिहितो.

३. अशात आपली जाहिरात वाचनात आली. 'पाण्यावरची राजेशाही षष्ठी! काशाचे ताट, गंगेचा इलिश, सासूबाईंना पूर्ण विश्रांती!' बुलटीने फोन केला. "बाबा, बोट कुणाच्याच बापाचं घर नाही. तो तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही म्हणालाय. बोटीत ठेवणार नाही असं कुठं म्हणालाय?" नियमातली फट शोधण्याची ही अक्कल तिला कुणाकडून मिळाली, हे सांगायला नको. अशा रीतीने आम्ही चौघे सुंदरबनाच्या सहलीला आपल्या बोटीवर चढलो. पत्नीच्या पिशवीत पंखा, दूर्वा आणि दोरा होता. आमच्या घराची सारी भिस्त आपल्या आचाऱ्यावर होती, हे कृपया ध्यानात घ्यावे.

४. स्वागताला शहाळे मिळेल अशी रास्त अपेक्षा होती. मिळाले ते निळे सरबत. ते प्यायलेल्या प्रत्येकाची जीभ निळी झाली. जावई आणि मी एकमेकांशी बोलत नसल्यामुळे आमच्या जिभांचा रंग आम्हांला बऱ्याच उशिरा कळला. ही बाब किरकोळ आहे. तिच्यासाठी वेगळी कारवाई करू नये.

५. आता मुख्य हेळसांडीकडे वळतो. जेवणाची घंटा झाली. आम्ही पाट नाही, निदान ताटे मांडलेली असतील म्हणून गेलो, तर समोर लांबलचक टेबल, त्यावर झाकलेली भांडी आणि फलक: 'कृपया आपले ताट घेऊन रांगेत यावे.' महोदय, षष्ठीची सहल असल्यामुळे बोटीवर जिकडेतिकडे जावईच होते. रेशमी पंजाबी कुडता, चुणीदार धोतर, कपाळावर दह्याचा टिळा आणि हातात रिकामे ताट, अशा थाटात बोटीवरचे समस्त जावई अन्नछत्रात उभे राहावे तसे रांगेत उभे होते! पलीकडे खुर्च्यांवर त्यांच्या सासवा पूर्ण विश्रांती घेत होत्या, म्हणजे पदराने डोळे पुसत होत्या. काशाचे ताटही पाहिले. ते भिंतीवर शोभेला टांगलेले होते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या कंपनीला बघूनच सुचली असावी.

६. आमचा जावई रांगेत बराच मागे होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मी असा लावला की, 'घरी खीर पाजलीत, इथे भीक मागायला लावलीत.' आता हा परतीच्या बोटीचीसुद्धा वाट बघणार नाही, पोहत जाईल, असे वाटले. तेवढ्यात माझी पत्नी उठली. ती तडक टेबलाच्या मागे गेली आणि डाळीच्या भांड्यातला डाव तिने हातात घेतला. आपले वाढपप्रमुख श्री. सुबल मान्ना धावत आले.

"मासीमा, मासीमा! पाहुण्यांनी वाढायचं नाही. कंपनीचा नियम आहे."

"नियम तुझ्या कंपनीचा. जावई माझा," पत्नी म्हणाली. "हो बाजूला."

"अहो, तुम्हांला विश्रांती द्यायचे पैसे घेतलेत आम्ही!"

"मग मी काय मेल्यावर वाढू त्याला? आणि हा पंखा धर जरा."

"मासीमा, इथं एसी आहे. पंखा कशाला?"

"पंखा वाऱ्यासाठी नसतो रे, बाळा. तुझं लग्न झालंय ना? तुझ्या सासूनं काहीच नाही का केलं तुझं?"

यावर श्री. मान्नांनी पंखा धरला. ते पाहून बाकीच्या सासवांनी विश्रांती सोडली. एकीने भातवाढी घेतली, दुसरीने चिमटा, आणि चंदननगरच्या एका बाईंना काहीच मिळाले नाही म्हणून त्यांनी चटणीचे अख्खे भांडेच कडेवर घेतले. जावयांना खांद्याला धरून खुर्च्यांवर बसवण्यात आले. ध्वनिक्षेपकावरून कप्तानसाहेबांनी 'प्रवाशांनी शांतता राखावी' असे पुन्हा पुन्हा सांगितले, पण शांतता होतीच. सगळे जेवायला बसले होते. यालाच आपण पत्रात 'दंगल' म्हटले आहे.

७. यानंतर इलिश आला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. आपल्या आचाऱ्याने नेमके तेच केले आहे. प्रवाशांच्या सोयीसाठी त्याने माशाचे सगळे काटे काढले होते. महोदय, काटे काढलेला इलिश! काटा जिभेने चाचपून बाजूला सारत, गप्प बसून, नीट लक्ष देऊन खायचा तो मासा. तो असा सोलून, कुस्करून, वड्या पाडून, वर किसलेले चीज पसरून आमच्यापुढे आला. मोहरीची चव शोधावी लागली आणि सापडली नाही. मी घास तोंडात ठेवला आणि नकळत मान वर केली. समोर जावयानेही मान वर केली होती.

"बाबा," तो म्हणाला, "हा मासा आहे?"

तीन वर्षांत त्याने मला प्रथमच बाबा म्हटले. मी घास कसाबसा गिळला.

"ज्यानं हा केला त्यानं नदी लांबूनसुद्धा पाहिलेली नाही," मी म्हणालो.

"चीज, बाबा! इलिशावर चीज!"

"हळू बोल. तुझ्या बोरिशालच्या आजोबांनी ऐकलं तर वरून खाली येतील."

जावई हसला. त्याची जीभ निळी होती. माझीही असणार, कारण तो माझ्याकडे बघून आणखी हसला. बुलटीने आईचा हात टेबलाखाली घट्ट धरलेला मला दिसला. मी दिसले नाही असे दाखवले.

८. जेवण झाल्यावर आम्ही दोघे डेकवर गेलो ते थेट दिवेलागणीपर्यंत तिथेच होतो. दोन्ही काठांना खारफुटीचे रान होते आणि सगळे प्रवासी वाघ शोधत होते. आम्ही आपल्या कंपनीच्या चुका शोधत होतो आणि आमचा शोध जास्त यशस्वी झाला. भाजलेल्या वांग्यात पुदिना का, यावर त्याने बोलावे. शेवटी खायची चटणी जेवणाच्या आधी का वाढली, यावर मी बोलावे. चहाला सादळलेली बिस्किटे आली तेव्हा तर त्याने मला टाळी दिली. रात्री 'खंडीय भोजन', म्हणजे कॉन्टिनेंटल जेवण होते. त्यातल्या सूपाची वाटी त्याने माझ्यापुढे सरकवली. "बाबा, तुम्ही मोठे, आधी तुम्ही." मी चमचा तोंडात घातला आणि म्हणालो, "ये, तूही भोग." दुसऱ्या दिवशी तर आम्ही घंटेच्या आधीच भोजनगृहाच्या दाराशी हजर होतो, आज काय वाईट असेल या उत्सुकतेने. पत्नी बुलटीला म्हणाली, "दोघांना उपाशी ठेवलं की बरे वागतात, हे मला आधी कळायला हवं होतं."

९. परतीच्या दिवशी बोट घाटाला लागली, तेव्हा आम्ही चौघेही अर्धपोटी होतो. गुहठाकुरतांचे घर दक्षिणेला, आमचे उत्तरेला. टॅक्सी समोर उभी होती. बुलटीने बॅग उचलली. जावई तसाच उभा राहिला. मग त्याने पत्नीला विचारले, "मा, घरी काही आहे का हो खायला?"

पत्नीने माझ्याकडे पाहिले. घरी काहीच नव्हते. तीन दिवस घर बंद होते. ती म्हणाली, "डाळभात होईल लगेच."

"चालेल," तो म्हणाला.

महोदय, तो आला. उंबरठ्यावर थांबला नाही, सरळ आत येऊन चप्पल काढून बसला. पत्नी वाढत होती आणि मी पंखा धरला होता, कारण तिला एका वेळी दोन्ही जमेना. डोळ्यांतले पाणी तिला दिसू देत नव्हते. त्याने पहिला घास घेतला. आम्ही तिघे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मी तोंड उघडायचे नाही असे ठरवले होते आणि या एका बाबतीत मी माझा शब्द पाळला.

"साखर आहे," तो म्हणाला. "पण ही डाळ तरी आहे. वाढा अजून, मा."

त्याने तीनदा डाळ घेतली. तुळशीला या वर्षीचा दोरा बांधावा लागला नाही, हे आपणांस कळवण्यास मला अतिशय आनंद वाटतो.

१०. आता मूळ मागणीकडे येतो. आपल्या वरील पत्रात माझ्या पत्नीस आपल्या सर्व बोटींवर कायमची बंदी घातली आहे. त्याच पत्रात, प्रवाशांच्या तक्रारींमुळे आचाऱ्याला कामावरून कमी करून पुढील षष्ठीपासून उत्तम, काटेदार इलिश देण्याचे आश्वासनही दिले आहे. या दोन्ही निर्णयांना माझी सविनय पण कडक हरकत आहे. आमचे शेजारी श्री. अनादी दाँ हे विधुर गृहस्थ आहेत. त्यांच्या जावयाने त्यांच्याशी पाच वर्षे अबोला धरला आहे. कारण विचारू नये, फार क्षुल्लक आहे. आमची हकीकत ऐकून त्यांनी पुढच्या षष्ठीची आपली सहल आजच नक्की केली आहे आणि जावयाला वाढायला घरात कुणी नसल्यामुळे माझ्या पत्नीला सोबत यायची गळ घातली आहे. तरी कृपया माझ्या पत्नीवरील बंदी उठवावी, आचाऱ्याला तत्काळ कामावर परत घ्यावे आणि इलिशाचे सगळे काटे न चुकता काढून त्यावर चीज घालावे, ही हात जोडून विनंती. त्या बिचाऱ्या अनादीबाबूंच्या ताटात एखादा चांगला मासा पडला, तर त्यांचे कायमचे नुकसान होईल.

योग्य त्या आदेशाच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
(सही)
पशुपती लाहा
दि. २८ जून २०२४

सोबत:
१. जाहिरातीचे कात्रण.
२. सहलीच्या चार तिकिटांच्या प्रती.

वरील मजकूर माझ्यासमोर लिहिला व मला वाचून दाखवला.
साक्षीदार: (सही) दीपांजन गुहठाकुरता
हल्ली मुक्काम: अर्जदाराचे घर, रविवारच्या जेवणापर्यंत.