ए, टी आणि सूर्यभानचे पाय

सोमवार, १६ जानेवारी १९३३. अकोला

कापसाचा जिन चालवणारे भगवंतराव आपली टी मॉडेल फोर्ड काढून टाकणार, हे नक्की. दुजोरा त्यांच्या ड्रायव्हरचा, सूर्यभानचा. सांगताना रडायचाच काय तो बाकी होता, म्हणजे बातमी खरी.

एजंट ओमप्रकाशच्या आवारात दोन गाड्या उभ्या आहेत. एक तीन वर्षं वापरलेली ए, दुसरी कोरी करकरीत बी. भगवंतरावांनी बीकडे पाठ केली. "दुय्यम माल मले दाखवू नका!" त्यांच्या जिनात कापसाच्या गंजींवर ए, बी, सी अशा पाट्या असतात. ए अव्वल, सी रद्दी. अमेरिकेतही असंच असणार, दुसरं काय!

जुनी ए ते कोऱ्या बीच्या भावात घेणार आहेत. ओमप्रकाशला म्हटलं, खरं सांगून टाक. तर म्हणतो, "सेठजींचं दिल कसं तोडू, भाऊसाहेब?" फार कोमल मनाचा माणूस.

मंगळवार, १७ जानेवारी

अमरावतीहून आमच्या साप्ताहिकाचे संपादक वामनराव यांचं कार्ड. "मोटारींच्या नावांतल्या अक्षरांचा अर्थ. दोन रकाने. पुढच्या मंगळवारच्या पॅसेंजरने पाठवा." देशात एवढं चाललंय, आणि वाचकांना टीचा अर्थ हवा. ठीक. रकाने ते रकाने.

चौकशी सुरू केली. पोस्टमास्तर : ए म्हणजे अमेरिका. (मग बी म्हणजे बडनेरा?) वकीलसाहेब : प्रश्न गुंतागुंतीचा आहे, पक्षकार म्हणून या.

संध्याकाळी सूर्यभान आला. ओट्यावर बसून दोन्ही पाय पुढे केले आणि माझ्या लेखाचं काम उगाच वाढवलं.

"हे पाहा भाऊ. टीत डावा पाय पुरा दाबला का गाडी पुढं ओढते. एत डावा दाबला का इंजिन चाकापासून सुटते. टीत उजव्याखाली बिरेक. एत उजव्याखाली रेस. मंजे मी थांबाले जाईन, अन् गाडी पयन!"

"मग शीक."

"दहा वर्षं पायाले जे शिकवलं, ते आठ दिवसात कसं इसरू?"

मालकांनी बजावलं आहे – पुढच्या मंगळवारपर्यंत ए चालवता आली तर ठीक. नाहीतर नागपूरचा ड्रायव्हर ठेवू. सूर्यभानच्या घरी बायको तानुबाई आणि चार तोंडं. शिकायला ओमप्रकाशने रोज सकाळी ए आणि आवार दिलं आहे.

शुक्रवार, २० जानेवारी

सूर्यभानने ओमप्रकाशचा पाण्याचा रांजण फोडला. प्रगती आहे. काल भिंत होती.

रविवार, २२ जानेवारी

अर्थ सापडला. रेल्वेतले एक जुने फिटर मोटारींची मासिकं जपून ठेवतात, त्यांच्याकडे दुपारभर बसलो.

अर्थ असा, की अर्थ नाही! फोर्ड कंपनीने ए पासून सुरुवात केली. एकामागून एक नवे नमुने, प्रत्येकाला पुढचं अक्षर. काही बाजारात आले, काही नुसते कारखान्यातच राहिले. टीपर्यंत पोचले आणि ती गाडी जगभर गेली. तिच्यानंतरची इतकी वेगळी निघाली, की पाटी पुसून पुन्हा ए. मग बी. त्यांच्या नव्या व्ही-आठ मोटारीतला व्ही तर दर्जाचाही नाही, क्रमाचाही नाही. इंजिनाची आठ नळकांडी चार-चारच्या दोन तिरप्या रांगांत बसवली आहेत, समोरून त्या अक्षरासारखी दिसतात. संपलं.

शेवटचं वाक्य सुचलं : "अक्षरांना काही अर्थ नसतो, गिऱ्हाईक तो स्वतःच्या खर्चाने घालतो." मीच दोनदा वाचलं. बरं जमलंय.

मंगळवार, २४ जानेवारी

लेख पॅसेंजरने गेला. मला स्टेशनवर सोडलं कोणी? सूर्यभानने, ए मोटारीतून! भगवंतराव मागच्या सीटवर, परीक्षक. एक कुत्रं, दोन बैलगाड्या आणि एक हवालदार, सगळे सुखरूप.

"पास!" मालक म्हणाले.

सूर्यभानचा चेहरा मी विसरणार नाही. "आता टी आठवतबी नाई, भाऊ!"

शुक्रवार, २७ जानेवारी

अंक आला. भगवंतरावांनी लेख जिनात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. मला वाटलं होतं, आता ए सोडून शहाण्यासारखे बी घेतील.

छे! "अक्षराले अर्थच नाई, त नवी मोटार घ्याची काहून? आपली टी का वाईट हाय?" सौदा रद्द. टी राहिली.

ओमप्रकाशने आमच्या अंकातली आपली जाहिरात बंद केली. त्याचं कोमल मन दुखावलं. वामनरावांचं दुसरं कार्ड : "यापुढे निरुपद्रवी विषय घ्या."

पण सूर्यभानची जुनी गाडी राहिली, म्हणजे त्याची भाकरीही राहिली. हे श्रेय मी मुकाट्याने घेतलं.

शनिवार, २८ जानेवारी

दुपारी जिनाच्या आवारात सूर्यभानने टी आणली. भगवंतराव मागे बसलेले. थांबायचं म्हणून त्याने एमध्ये दाबतो तसा डावा पाय पुरा दाबला. इंजिन सुटायच्या ऐवजी टी पुढे उडाली. उजवा पाय रेस सोडायला म्हणून वर उचलला – त्याच पायाखाली ब्रेक होता, तोही सुटला!

गाडी कापसाच्या गंजीत शिरली. ए पाटीच्या. लागलं कोणालाच नाही. भगवंतराव बाहेर आले ते भुवयांवर सरकी आणि मिशीत अव्वल माल घेऊन.

"दहा वर्षं माह्या मोटारीवर, अन् आता याले माहीच मोटार येत नाई!"

सूर्यभान खाली वाकून पायांकडे पाहत होता. दुसऱ्याचे असावेत तसे.

रविवार, २९ जानेवारी

सूर्यभानला काढलं. दुजोरा खुद्द भगवंतरावांचा. मी जाऊन रदबदली केली. ते म्हणाले, "तुमीच लिहिलं ना, अक्षरात काई नसते?"

टी म्हणजे काय आणि ए म्हणजे काय, हे अकोल्यात एका माणसाने मला ओट्यावर बसून, पाय पुढे करून सांगितलं होतं. लेखात घातलं नाही. रकान्यात जागा नव्हती.

उद्या सकाळच्या गाडीने नागपूरचा ड्रायव्हर येतो. त्याला टी येते. त्याला स्टेशनवरून जिनापर्यंत आणायचं शेवटचं काम सूर्यभानकडे आहे. पायी.