गर्दीतली पाहुणी

मोशी, रविवार संध्याकाळ

जुन्या व्हिडिओ गेमांच्या ग्रुपवरून माझी पोस्ट आज पुन्हा काढली. ठोकळ्यांच्या एका गेममधली माझी डावखुरी, हातोडीवाली नायिका, जिला माझ्याशिवाय कोणी विचारत नाही, ती शर्यतीच्या एका गेममध्येही प्रेक्षकांत पाहुणी म्हणून उभी आहे, एवढंच मी लिहिलं होतं. अ‍ॅडमिन म्हणतो, "भाऊ, ती पाहुणी कलाकार नाही. गर्दीतली कुठलीही बाई आहे."

कुठलीही? डाव्या हातात हातोडी धरणारी दुसरी दाखव म्हणावं! तर म्हणे, चित्र आरशातल्यासारखं उलटं झालंय. अरे, चाकणला मी दिवसभर गाड्यांचे डावे-उजवे दरवाजे तपासतो. चित्र उलटलं असतं तर तिच्या मागच्या पाटीवरची अक्षरंही उलटली असती. ती सरळ आहेत राव!

हिला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, परवाच्या लग्नात आपल्याला तरी कोण ओळखत होतं? तरी पाहुणे म्हणून जेवलोच ना?"

हसलो, पण पटलं. यजमानाने ओळखलं नाही म्हणून पाहुणा परका होतो का?

पोस्ट परत टाकली. शब्द तोच ठेवलाय, पाहुणी. काढा किती वेळा काढता ते. तिचा डावा हात काही उजवा होणार नाही.