जुन्या बाजारातला वस्तरा

९ जानेवारी

प्रिय दादास,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे मजेत. वहिनीचा गुडघा काय म्हणतोय?

वस्तरा घेतला एकदाचा! 'ह्यांच्यासाठी कमी पैशात चांगला वस्तरा कसा निवडायचा?' एवढंच मी विचारलं, तर तू डाव्या हाताने पानंच्या पानं लिहून पाठवलीस. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण एक शब्द फुकट नाही.

मोठ्या दुकानातला नुसताच चकचकीत होता, पात्यावर सोनेरी वेल. 'नक्षीने दाढी होत नाही' हे तुझं आठवलं आणि तडक जुना बाजार गाठला. भंगारवाल्याकडच्या एकाच्या धारेलाच गंज. दुसरा देखणा, पण काचेवर आडवा ठेवल्यावर डुगडुगला, म्हणजे पातं वाकडं. तिसऱ्याची मूठ तडकलेली, अंगावर काळे डाग, पण पाठ सरळ आणि धार सलग.

"बाई, मूठ फुटलीय त्याची," भंगारवाला म्हणाला.

"म्हणूनच भाव कमी करा!"

मूठ नवी बसवता येते, हे मला कोणी शिकवलंय ते त्याला काय माहीत! घरबसल्या हात धरून बाजार फिरवलास रे मला. फार अभिमान वाटला तुझा.

धारही मीच लावली, तू लिहिलंस तशी, पात्याची पाठ दगडाला टेकवून. ह्यांची दाढी आता रोज मी करते. पहिल्या दिवशी म्हणाले, "विम्याचा हप्ता भरलाय ना?" आता खुर्चीतच घोरतात.

खरं सांगू? वस्तरा ह्यांच्यासाठी नाहीच. उजवा हात लुळा पडल्यापासून तू सलून बंद केलंस, आरशावर टॉवेल टाकलास आणि दाढी वाढवून बसलास. 'वस्तरा धरायची अक्कल नाही त्याने माझ्या गालाला शिवायचं नाही' असं वहिनीला ठणकावलंस म्हणे. मग ती अक्कल तुझ्याकडूनच घेतली. रागावू नकोस. वहिनी फोनवर रडते रे, आणि मलाही बघवत नाही तुला असं.

हनुवटीखाली माझा हात अजून अडखळतो. ते पत्राने जमायचं नाही. तुला समोर बसून माझ्यावर ओरडावं लागेल.

रविवारी सकाळी येते. पाणी गरम ठेव. आणि आरशावरचा तो टॉवेल काढ, तुझ्या गळ्याभोवती गुंडाळायला लागेल मला.

तुझ्या हाताखाली तयार झालेली,
धाकटी