पळसाचा खांब

१० ऑगस्ट १९८६, पांढुर्णा

सामान उतरलं, चहा झाला आणि मी जाम खूश आहे. वर्ध्याच्या खुराड्याएवढ्या दुकानात लोकांचे रेडिओ उघडत बसण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पुंडलिकराव संत्र्यांचे मोठे व्यापारी. नदीकाठाला घर, मागच्या आवारात पेट्या भरायची शेड. त्यांना घरात थेटर हवंय: रंगीत टीव्ही, व्हीसीआर, गाद्या, सगळा थाट. अट एकच, खोलीत यंत्राचा आवाज नको. व्हीसीआरची घरघर नको, स्टॅबिलायझरची टकटक नको, पंखासुद्धा नको. अट त्यांच्या पत्नीची, कुसुमबाईंची. काम होईपर्यंत राहायला आवारातलीच खोली मिळाली. रजनीला चौथा महिना आहे, आणि तिचं माहेर जाम नदीच्या पलीकडे सावरगावात. बायको माहेरासमोर, जावई सासुरवाडीसमोर. जेवणाची चैन आहे.

१३ ऑगस्ट

डोकं चाललं. यंत्र खोलीत ठेवायचंच कशाला? व्हीसीआर शेडमध्ये, कॅसेटा शेडमध्ये, आणि तिथून आवारावरून नुसती तार घरात. खोलीत फक्त पडदा. मधे तारेला झोळ पडत होता, खांब हवा होता. शेडच्या कोपऱ्यात पळसाचं वाळलेलं झाड पडलेलं दिसलं, फांद्या तोडलेलं, शेंड्याला कापडाच्या चिंध्या. चिंध्या फेकल्या, खड्डा खणला, उभं केलं. कुसुमबाई दारातून बघत होत्या. मागाहून स्वतः चहा आणून दिला. काम पसंत पडलं म्हणायचं.

१७ ऑगस्ट

पहिला खेळ झाला. स्वतःची पाठ स्वतः थोपटू नये, पण अशी शांतता मी आजवर ऐकली नाही. भिंतींना गाद्या ठोकल्यात, दार लावलं की बाहेरचा कुत्रासुद्धा ऐकू येत नाही. पुंडलिकरावांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमबाई म्हणाल्या, मिस्त्री, कॅसेट नसली तं हे चालते का? मी हसून म्हटलं, बाई, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या हसल्या नाहीत.

२१ ऑगस्ट

शेडला कुलूप. चावी माझ्या खिशात. व्हीसीआरचा प्लग मी स्वतः काढलेला. तरी दुपारी खोलीत गेलो तर कुसुमबाई आणि रजनी पडद्यासमोर बसलेल्या, आणि पडद्यावर नदी. दोन्ही काठांना माणसं, मधे पाण्यात पळसाचं झाड, त्यावर झेंडा. माणसं गोटे फेकत होती. आवाज काहीच नाही.

कुसुमबाईंनी मग सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं गोटमार होते. सावरगावचे लोक नदीत पळस रोवतात, पांढुर्ण्याचे तो तोडायला जातात, दोन्हीकडून गोटे. सोयरेच सोयऱ्यांना मारतात. शेवटी झाड चंडीदेवीला वाहतात आणि एकमेकांना भेटतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा वसंत झाडापर्यंत पोचला आणि डोक्यात मागून गोटा बसून तिथंच गेला. कोनाचा गोटा लागला थे इथं कोनी पुसत नाही, त्या म्हणाल्या, पन मले पाह्यचं हाय. म्हणून त्यांनी ते झाड देवीला जाऊ दिलं नाही. रडारडीच्या गोंधळात घरी आणून लपवलं. झाड देवीला गेल्याशिवाय खेळ संपत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तेच झाड मी आवारात उभं केलंय.

मी दाराकडे सरलो. रजनी मात्र पडद्याकडेच बघत होती.

२४ ऑगस्ट

रजनीच्या कानशिलावर निळा डाग. कुठं आपटली नाही, कोणी मारलं नाही. कुसुमबाईंनी पदर सरकवून दंड दाखवला. असे डाग त्यांना रोज उठतात. गोटा येताना ऐकू येत नाही, एवढंच म्हणाल्या. मी रजनीला खोलीत पाय ठेवायची बंदी केली. ती म्हणाली, पलीकडच्या काठावर आमचे बाबा उभे दिसतात, भाऊ दिसतो, मले बलावून राहिले. मी कुठं दिसतो का, मी थट्टेनं विचारलं. ती गप्प बसली. मला ती गप्प बसलेली आवडली नाही.

२७ ऑगस्ट

तार तोडली. चित्र चालूच. टीव्हीचा प्लग उपटला. चालूच.

पळस उपटायला गेलो तर त्या वाळक्या लाकडाला खाली ओली, पांढरी मुळं फुटलेली. तरी उपटला, बैलगाडीत घालून देवीकडे नेला. पुजारीबुवा हात लावेनात. नदीतून, गोट्यातून आलेला पळसच देवी घेते, आवारातून आलेला नाही घेत, म्हणाले. परत आणला. रजनीच्या पाठीवर दुसरा डाग होता. ती खोलीत गेलीच नव्हती.

३० ऑगस्ट

तिला वर्ध्याला न्यायचं म्हणून स्टेशनवर गेलो. गाडी समोर उभी. रजनी पायरीवर चढता चढता पोट धरून खाली बसली. जवळपास कोणी नव्हतं. कोणीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मार लागलाय, बाळाचे ठोके लागत नाहीत. कुणी मारलं, विचारत होते, माझ्याकडे बघून —

काय सांगू?

परत आणलं. ती पोटावर हात ठेवून भिंतीकडे बघते. मी खांब रोवला नसता तर. एवढंच डोक्यात फिरतं.

पोळा

बाहेर बैल सजलेत, झडत्यांची गाणी चाललीत. कुसुमबाईंना आज तो दिसला, गोटा मारणारा. मागून आलेला गोटा, म्हणजे आपल्याच काठाचा. नाव विचारलं. आपल्याच घरचा, म्हणाल्या, आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. पुंडलिकराव दार लावून आत आहेत. जेवायला आले नाहीत. खिडकीतून पाहिलं तर स्वतःच्या तळहातांकडे बघत बसलेले.

पोळ्याचा दुसरा दिवस

नदीवर ढोल, आरडाओरड. रजनी अंथरुणात नाही — काठावर नाही — सावरगावात नाही — पळून पळून छाती फुटली —

खोलीत आहे. पडद्यात. कमरेएवढ्या पाण्यात, झाडाला मिठी मारून, तोंड तिच्या काठाकडे.

दार आपोआप लागलं. ढोल थांबला. माझ्या हातची शांतता. मी ओरडतोय, तिला काही जात नाही, इकडून तिकडे काहीच जात नाही —

अलीकडच्या काठावर कोणीतरी. पाठमोरा. चौकड्याचा शर्ट.

माझा शर्ट.

म्हणून ती गप्प बसली होती —

तो वाकला. पाण्यातून काहीतरी उचललं. माझ्या उजव्या हातात पेन आहे. पेनच आहे. डाव्या हातात — गार — ओलं — मी नाही उचललं हे, देवी, मी नाही —

हात वर जातोय. ती वळत नाही.

रजनी खाली बस, रजनी खा