लॅपलँडची पत्री

लीड्स, सप्टेंबर २००७

प्रिय गिरीश,

सप्रेम नमस्कार. वहिनींचा गुडघा आणि तुझी साखर दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो (नसतील तर डॉक्टरला दाखव, मी आता रिटायर झालोय). आणि आता खुर्चीत नीट बस. हॉर्सटेल मिळाली! नागपूरच्या तुझ्या कॉलेजातल्या वाळवलेल्या वनस्पतींच्या कपाटात जिची जागा वर्षानुवर्षं रिकामी आहे, तीच ती रानातली हॉर्सटेल, फिनलंडच्या पार उत्तरेच्या, लॅपलँडच्या दलदलीतून, ह्या माझ्या हातांनी उपटलेली!

सहलीची बस कॉफीसाठी थांबली होती. बाकीचे रेनडिअरचे फोटो काढत होते आणि मला फळ्यांच्या वाटेपासून हातभर अंतरावर ती दिसली. तू सांगितलेली खूण तंतोतंत: फांद्यांना पुन्हा फांद्या, आणि साऱ्या खाली झुकलेल्या. फूल नाही, बी नाही, तरी डायनोसॉरच्या आधीपासून घराणं चालूच! मी हात लांब केला, पाठोपाठ पायही गेला, आणि मांडीपर्यंत आत. वरून अलका ओरडतेय, ‘‘अहो, नवे शूज! रिसीट पण ठेवली नाहीये!’’ (नवऱ्याबद्दल अवाक्षर नाही.) शेवटी तिच्या छत्रीची मूठ धरून वर आलो, एका बुटानिशी, पण हॉर्सटेलसकट!

घरी आल्यावर ती वर्तमानपत्रात घालून पोळपाटाखाली दाबली, वर कणकेचा डबा ठेवला. तेवढ्यात गणपती आले. इथं एकवीस प्रकारची पत्री कुठून आणणार? अलका बागेत नि फ्रिजमध्ये हिरवं दिसेल ते गोळा करते आणि उरलेल्याबद्दल बाप्पाची माफी मागते. सगळे आरतीला जमलेले, मी झांजा वाजवतोय, आणि पाहतो तर देवाच्या पायाशी नाजूक, हिरव्यागार, फांद्यांना फांद्या! धावत जाऊन पोळपाट उचलला, तर खाली काही नाही. मग काय, झांजा टाकून थेट देवासमोर झडप घातली (झांज शेजारच्या राजीवच्या अंगठ्यावर पडली, तो अजून बोलत नाही). पंचामृतात न्हाऊन बिचारी लिबलिबीत झालीय, कुंकू लागलंय, पण वाचली रे!

मात्र देवाला वाहिलेलं कपाटात ठेवायचं नाही, असं अलकाचं म्हणणं. तेव्हा सोबतचा नमुना पोचताच डोळे भरून पाहा आणि वाहत्या पाण्यात सोडून दे.

तुझा,
शशिधर

ता. क. वरचं शेवटचं वाक्य अलकाला वाचून दाखवायला लिहिलंय. पाण्याच्या आसपासही नेऊ नकोस! चिकटव, लेबल लाव, माझं नाव ठळक घाल. ‘शश्या, तुला मेथी नि कोथिंबीर ओळखता येत नाही,’ असं आयुष्यभर चिडवलंस ना? आता बोल!

आणखी एक ता. क. गिरीशभावजी, नमस्कार. पाकीट मी बंद करतेय, म्हणून वाचलं. तो गाजराचा पाला आहे. चिखलातलं गवत मी देवाला वाहीन का? पुरणपोळ्यांना पोळपाट हवा होता, म्हणून ह्यांचं वर्तमानपत्र माझ्या पैठणीच्या घडीत ठेवलं होतं. सांगणार होते, पण हे पाला उंच धरून असे नाचायला लागले की माझी जीभच रेटेना. रिटायर झाल्यापासून नुसते खिडकीशी बसून असायचे हो. खरी हॉर्सटेल आतल्या छोट्या पाकिटात घातलीय. ती चिकटवा, नाव ह्यांचंच ठळक लिहा. ह्यांना मात्र कधी कळू देऊ नका. आणि पाल्याचं तेवढं विसर्जन करा.

अलका